फोनच्या आधी लावायचं मलम

“चेहऱ्याला नको हं हे. आणि पाच दिवसांच्या वर तर कुठेच नको.”

औषधाच्या दुकानातल्या काकूंनी ट्यूब कागदी पिशवीत सरकवताना एवढंच सांगितलं होतं. समोर उभ्या असलेल्या तरुण आईने मान हलवली. मान हलवायला काय लागतं? मागे रांग होती, कडेवरची लेक तिचं कानातलं ओढत होती, आणि ती मनात म्हणत होती, ‘काकू, मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. ट्यूबवर काय लिहिलंय ते मला वाचता येतं.’

वाचता येत होतंच. तिने वाचलंही. एका मलमात तीन औषधं, त्यातलं एक स्टेरॉइड. तरीही त्याच संध्याकाळी, बरोबर साडेपाच वाजता, तिने ते मलम आपल्या दीड वर्षाच्या मुलीच्या ओठांभोवती बोटाने गोल फिरवून लावलं.

शिकलेली माणसं अशी चूक कशी करतात, असं तुम्ही विचाराल. ऐका तर मग.

मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरतच नसे. तिचा बाबा विजेचे उंच मनोरे उभारण्याच्या कामावर होता. सहा महिने तिकडे, पंधरा दिवस इकडे. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत उरलेला सगळा वेळ आई आणि भिंगरी, भिंगरी आणि आई.

आई पूर्वी फरश्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. पट्ट्यावरून फरश्या सरकत यायच्या, वर तिरका दिवा असायचा, आणि हिने डोळ्यांत तेल घालून बघायचं: टवका, चीर, ठिपका. दिसला की खडूने फुली आणि फरशी बाजूला. लेक झाल्यावर तिने रजा घेतली, मग रजा वाढवली, मग तिच्या जागी दुसरी मुलगी आली. नोकरी गेली, नजर मात्र तशीच राहिली.

दाढा येऊ लागल्या तशी भिंगरीची लाळ गळायला लागली. हनुवटी ओली, गळा ओला, अंगातल्या कपड्याचा पुढचा भाग चिंब. आधी ओठाखाली दोन-चार बारीक पुळ्या उठल्या. आईने पुसलं. परत लाळ आली, परत पुसलं. सुगंधी वेट वाइपचं पाकीट तिच्या हातातून सुटेना. घास भरवण्याआधी एकदा, घास गिळल्यावर एकदा, पाणी प्यायल्यावर एकदा, आणि मधेच उगीच, नजर गेली म्हणून. आठवड्याभरात ओठांभोवती लाल कडं उमटलं. पोरीच्या तोंडावर कुणी वाटी पालथी घालून भोवती रेघ ओढावी, तसं.

आणि रोज संध्याकाळी सातला हजेरी असायची.

सात वाजले की फोन वाजायचा आणि पडद्यावर चार चौकोन उघडायचे. एकात सासूबाई आणि त्यांच्या मागे पेपरात डोकं घातलेले सासरे. दुसऱ्यात तिची आई. तिसऱ्यात नणंद. चौथ्यात डोक्यावर हेल्मेट घातलेला भिंगरीचा बाबा, तो दर दोन मिनिटांनी तोंड उघडं ठेवून गोठायचा.

“आलं का माझं सोनं? अगं, फोन जवळ धर. आणखी जवळ. तोंडाला काय झालंय तिच्या?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही आई, दाढा येतायत.”

“दाढा माझ्याही मुलांना आल्या. असं माकडासारखं लाल तोंड नाही झालं कुणाचं. पुसत नाहीस का?”

“पुसते ना.”

“मग?”

तेवढ्यात तिची स्वतःची आई मऊ आवाजात म्हणाली, “तुझ्या तोंडावर लहानपणी एक पुळी नव्हती गं. जरा लक्ष दे बाळा. दिवसभर घरीच तर असतेस.”

सासूबाईंचं बोलणं तिने झटकून टाकलं असतं. आईचं ते ‘घरीच तर असतेस’ मात्र आत जाऊन बसलं.

नणंद मदतीला धावली. “वहिनी, मी सांगते ती ट्यूब आण. आमच्याकडे फ्रिजच्या दारात कायम असते. ह्यांच्या मानेला तीच, पोरांच्या घामोळ्याला तीच, सासऱ्यांच्या नायट्याला पण तीच.”

“एकच ट्यूब सगळ्यांना?”

“अगं रामबाण आहे! डॉक्टरकडे दोन तास बसण्यापेक्षा बरं.”

ट्यूब खरंच रामबाण निघाली. दुसऱ्या दिवशी पुळ्या बसल्या, तिसऱ्या दिवशी लाली ओसरली. सातच्या फोनवर सासूबाई म्हणाल्या, “बघ! लक्ष दिलंस की होतं!” कितीतरी महिन्यांनी कुणीतरी तिची पाठ थोपटली होती. फोन ठेवल्यावर ती भिंगरीला घेऊन खोलीभर नाचली. पाचव्या दिवशी तिने मलम बंद केलं. सातव्या दिवशी कडं परत आलं, आणि आता ते नाकपुड्यांपर्यंत चढलं होतं.

तिने पुन्हा ट्यूब उघडली. मग तसा नेमच पडला. साडेपाचला मलम लावायचं, म्हणजे सातपर्यंत लाली फिकट व्हायची. काही दिवसांनी तेवढ्याने भागेना, म्हणून सकाळीही लावायला लागली. पहिली ट्यूब संपली, दुसरी आली.

मध्येच एक भलतीच गोष्ट घडली. फोन चालू असताना भिंगरीने पडद्यावर बोट दाबलं, आणि पडद्यातला तिचा चेहरा एकदम उकडून सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत झाला. कॅमेऱ्याचा फिल्टर होता तो. डाग पुसून टाकणारा. आईचं बोट तो बंद करायला पुढे गेलं होतं. तेवढ्यात नणंद म्हणाली, “वा! काय दिसतेय गं बबडी!” बोट मागे आलं.

त्या दिवसापासून सातच्या फोनवर भिंगरीचा चेहरा लख्ख दिसायचा. फोन बंद झाला की उरायची ती खरी भिंगरी, हनुवटी खाजवणारी.

मंडळी, ही आई खोटारडी होती का? मला तसं म्हणवत नाही. परीक्षा रोज असेल आणि परीक्षक चार असतील, तर माणूस कॉपी करायला शिकतोच.

घराबाहेरही तिला आसरा नव्हता. कोपऱ्यावरच्या बागेत ती भिंगरीला घसरगुंडीवर न्यायची. एकदा भिंगरी एका छोट्या मुलीच्या मागे शिडी चढायला गेली. त्या मुलीच्या आईने आपल्या लेकीला दंडाला धरून खाली ओढलं. “नको गं तिच्याजवळ, लागेल तुला ते.” मग भिंगरीच्या आईकडे बघून गोड हसून म्हणाली, “राग मानू नका हं. पण घरात स्वच्छता ठेवली ना, की असं होत नाही मुलांना.”

भिंगरीची आईही हसली. “हो ना,” म्हणाली. एवढंच म्हणाली! मग भर दुपारी, बागेत चिटपाखरू नसताना ती जायला लागली. घसरगुंडीचा पत्रा तापलेला असायचा. आधी आपला तळहात ठेवून बघायचा, मग स्वतःची ओढणी अंथरायची, मग भिंगरीला वर बसवायचं. खाली घसरत आलेली भिंगरी टाळ्या पिटून इकडेतिकडे बघायची, आणखी कुणी टाळ्या वाजवतंय का ते. कुणी नसायचं. दुसरा झोपाळा रिकामाच हलत राहायचा.

एके दिवशी झोपताना तिने सहज आठवून पाहिलं, आज आपण मोठ्या माणसाशी काय काय बोललो? दोनच वाक्यं सापडली. पार्सल आणणाऱ्याला “दारातच ठेवा” आणि पाठोपाठ “थँक्यू.” सातचा फोन तिने धरला नाही. तिथे तर सगळे भिंगरीशी बोलायचे. तिचं काम फक्त फोन धरायचं.

कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीला तिने मेसेज लिहायला घेतला, ‘एकदा येशील का गं?’ वाचून बघितला. किती केविलवाणं वाटतं! पुसून टाकला, आणि त्याऐवजी भिंगरीचा गुळगुळीत फोटो पाठवला. मैत्रिणीने पाच लाल बदाम पाठवले. ‘मस्त चाललंय तुमचं!’

अकराव्या आठवड्यात मलम हरलं. सकाळ-संध्याकाळ लावूनही ओठांभोवतीची कातडी लालभडक झाली, बारीक पांढऱ्या टोकांच्या पुळ्या दाटीने उठल्या, हसताना कोपऱ्यात भेगा पडायला लागल्या. सफरचंदाचा किस तोंडाला लागला की भिंगरी किंचाळायची. आणि एका सकाळी आई ट्यूबचं टोपण उघडत पलंगाजवळ आली, तेव्हा भिंगरीने ते पाहिलं. तिने दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकून घेतलं आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

रडली नाही. नुसती उभी राहिली.

आईच्या हातातली ट्यूब तशीच राहिली. कुणी मारल्यावर पोरं अशी उभी राहतात. हिला कुणी मारलं होतं?

एवढं झाल्यावर तरी ती डॉक्टरकडे गेली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही गेली. ‘हे मलम कमी पडतंय, याच्यापेक्षा कडक काहीतरी हवं,’ असं म्हणत बाराच्या उन्हात भिंगरीच्या तोंडाला ओढणीचं टोक गुंडाळून ती औषधाच्या दुकानात पोहोचली. दुकान रिकामं होतं. काउंटरमागे काकू चष्मा कपाळावर चढवून डबा खात होत्या.

“काकू, त्या ट्यूबपेक्षा स्ट्राँग काही आहे?”

काकूंनी घास खाली ठेवला. “कुठली ट्यूब?”

तिने नाव सांगितलं.

“ती तुम्हाला मी दिली होती. दोन-अडीच महिने झाले. नंतर पण इथूनच नेलीत?”

“नाही... पलीकडच्या चौकातून.”

“का? मी पुन्हा दिली नसती म्हणून?”

काकू काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या, गुडघे मोडून खाली बसल्या आणि भिंगरीच्या उंचीला आल्या. “काय गं चोरा, तोंड का लपवलंस? बँक लुटलीस का?” भिंगरी ओढणीतल्या ओढणीत हसली. काकूंनी हलकेच ओढणी बाजूला केली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण आवाज बदलला.

“चेहऱ्याला नको म्हटलं होतं ना मी?”

“हो.”

“ऐकू आलं होतं?”

“हो काकू.” आणि मग तिचा बांध फुटला. “पण तुम्ही ही ट्यूब देणार नाही, दुसरी देणार नाही, मग मी सातला काय दाखवू?”

“कुणाला?”

कुणाला! एवढा एकच प्रश्न. ती उत्तर द्यायला गेली. सासूबाईंना, आईला, नणंदेला, बागेतल्या त्या बाईला... कुणाला म्हणून सांगायचं? अकरा आठवडे ती औषध भिंगरीला लावत होती, पण ते भिंगरीसाठी नव्हतंच!

काकूंनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, “हे बघा, रागावत नाहीये. आधी माझी चूक सांगते. हे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. मी दिलं. रांग होती, तुम्ही घाईत होतात, वरून दोन शब्द सांगितले आणि समजले की माझं कर्तव्य झालं. रोज दहा जण मागतात, गोळ्या-बिस्किटं मागावीत तसं. पण हे मलम काय करतं माहीत आहे? पाहुणे यायच्या आधी आपण पसारा पलंगाखाली ढकलतो ना, तसं करतं. खोली आवरल्यासारखी दिसते. पसारा तिथेच असतो, आणि रोज वाढतो.”

“मला माहीत होतं काकू. मी शिकलेय.”

“म्हणूनच तर! न शिकलेली बाई विचारायला तरी आली असती. तुम्हाला विचारायची लाज वाटली. आणि मला एक सांगा, एवढ्या दिवसांत हिला जवळून बघितलं कुणी? तुमच्याशिवाय?”

तिने मान हलवून नाही म्हटलं.

“मग तुम्हाला तरी कोण बघणार!” काकू उठल्या, दुकानाच्या दाराला ‘थोड्या वेळात येते’ची पाटी लावली. “चला. त्वचेच्या डॉक्टर दोन गल्ल्या सोडून आहेत. मी येते सोबत.”

डॉक्टरबाई बोलायला तुटक होत्या. “काय काय लावता, सगळं काढा टेबलावर.” पिशवीतून ट्यूब निघाली, वेट वाइप निघाले, दोन क्रीम, एक तेल, पावडर. “दुकान काढायचंय का?” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग भिंगरीचा चेहरा दिव्याखाली नीट बघितला.

“सुरुवात लाळेने झाली असणार. पुसून पुसून तुम्ही कातडी सोलवटलीत, आणि मलमाने वाट लावली. हे सगळं बंद. चेहरा साध्या कोमट पाण्याने धुवायचा, मऊ कापडाने टिपायचा, घासायचा नाही. मी लिहून देते तेवढंच द्यायचं. आणि नीट ऐका. मलम थांबवलं की आधी वाढेल. दोन-तीन आठवडे आजच्यापेक्षा वाईट दिसेल. घाबरून पुन्हा तेच लावलंत, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. जमेल?”

“हो.”

“घरी दुसरं कोण असतं?”

“मी आहे ना.”

“दुसरं कोण, असं विचारलं मी.”

मागच्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या, “दुपारी एक ते तीन माझं दुकान बंद असतं. मी जाईन.”

त्या संध्याकाळी सात वाजता तिने फिल्टर बंद केला आणि फोन भिंगरीसमोर धरला. चारही चौकोन गोठले, आणि या वेळी नेटवर्कमुळे नाही.

“वहिनी, तुझा कॅमेरा खराब झालाय वाटतं,” नणंद म्हणाली.

“कॅमेरा आज नीट आहे. इतके दिवस मी खराब ठेवला होता.” आणि तिने सांगितलं. मलम, साडेपाचची वेळ, फिल्टर, डॉक्टर, सगळं.

“असं कसं होईल?” तिची आई म्हणाली. “रोज तर बघतो आम्ही. लख्ख होता चेहरा.”

“माझ्या घरात आठ वर्षं तीच ट्यूब आहे. कुणाला काही झालं नाही,” नणंद फुरंगटली. “तू एक्सपायरी झालेली आणली असशील. मी इथून ताजी पाठवते.”

हेल्मेटवाला बाबा पहिल्यांदाच मधे बोलला. “मला का नाही सांगितलंस?”

“तू रोज विचारायचास, भिंगरी कशी आहे. मी सांगायचे, छान.”

“मग?”

“दुसरं काही विचारलंस का कधी?”

चौकोन गोठला. नेटवर्क गेलं की तो गप्प बसला, ते तिला कळलं नाही. सासूबाई तर एक अक्षरही बोलल्या नाहीत. त्यांनीच सर्वांत आधी फोन ठेवला.

पुढचे दिवस कठीण गेले. डॉक्टरबाईंचं बोलणं तंतोतंत खरं ठरलं. कडं फुललं, हनुवटीपासून नाकापर्यंत पसरलं. काकू दुपारी डबा घेऊन यायच्या, आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “जा, अंघोळ करून ये. दार लावून कर.” किती महिन्यांनी ती दार लावून अंघोळ करत होती! पाणी अंगावर घेताना तिचे कान बाहेरच होते. बाहेरून भिंगरीचं खिदळणं येत होतं. काकू तिला तोंडावर बोट ठेवून मांजरीचा आवाज काढायला शिकवत होत्या. पण तीन वाजले की काकू जायच्या. मग सातपर्यंत चार तास, आणि सातनंतर पुन्हा त्या दोघीच. दुकानात माल यायचा त्या दिवशी तर काकूंनाही यायला जमायचं नाही.

नवव्या दिवशी तसंच झालं. काकू येणार नव्हत्या. भिंगरीचा चेहरा इतका सुजला होता की ती बाटलीही तोंडाला लावू देईना. आणि दाराची बेल वाजली. पार्सल होतं. नणंदेने शब्द पाळला होता: नवीकोरी ट्यूब, सोबत चिठ्ठी, ‘वहिनी, हट्ट सोड. पोरीचे हाल करू नकोस.’

पोरीचे हाल. तिने टोपण उघडलं. एकदाच, अगदी बारीक थर. उद्या हसेल तरी. डॉक्टरबाईंना कोण सांगायला जातंय? मलमाचा एक मणी तिच्या बोटावर आलाही.

ज्या हाताने लावायचं त्याच हाताने तिने फोन उचलला. मलम पडद्याला माखलं. सात वाजायचे होते, नेहमीची वेळ नव्हती. तिने एकट्या सासूबाईंनाच फोन लावला, कॅमेरा नेहमीसारखा भिंगरीकडे.

“आई,” ती म्हणाली, “मला ट्यूब लावावीशी वाटतेय. मला आवरा. मला इथे एकटीला नाही जमत.”

आता ऐकायला मिळेल, तिने मनाची तयारी केली. आम्ही चार-चार वाढवली, आम्हाला कसं जमलं!

“फोन फिरव,” सासूबाई म्हणाल्या.

“काय?”

“भिंगरीकडे नको. तुझ्याकडे फिरव.”

तिने कॅमेरा फिरवला. तेल न लागलेले केस, काळवंडलेले डोळे, खांद्यावर वाळलेला भात. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“अगं, काय दशा झाली तुझी!” त्यांचा आवाज चिरकला. “मी रोज तासभर फोनवर असते आणि तुला बघितलंच नाही गं मी! पोरीचं तोंड बघत बसले. तिला पुसलंस का, तिला भरवलंस का... त्या दिवशी फोन ठेवला तो रागाने नाही. काय बोलावं ते सुचेना. मीच सतरा वेळा म्हटलं ना, पुसत नाहीस का, पुसत नाहीस का?” मग एकदम नेहमीच्या आवाजात, “बोट धू आधी. माझ्यासमोर धू. फोन तिथेच नळाजवळ ठेव.”

तिने बोट धुतलं. सासूबाई पडद्यातून बघत राहिल्या, सासऱ्यांना मागे हाका मारत, “अहो, पेपर ठेवा. बॅग काढा माळ्यावरची.”

त्या फोननंतर चौथ्या दिवशी सासूबाई आल्या. सगळं गोडीगुलाबीने पार पडलं असं मी सांगणार नाही. त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलल्या, पडदे कधी धुतले होतेस म्हणून विचारलं, आणि भिंगरीचं तोंड पुसायला दोनदा पदर उचलला. दोन्ही वेळा जीभ चावून कापड भिजवून आणलं आणि टिपलं. पण भिंगरी रडायला लागली की घरात दोन माणसं उठायची. तिसऱ्या आठवड्यात पुळ्या थांबल्या. पाचव्यात लाली उतरली. सातव्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी भिंगरीला दिव्याखाली धरलं, आणि भिंगरीने त्यांना मांजरीचा आवाज काढून दाखवला. “ठीक आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. तुटकच, पण हसून.

पहिली ट्यूब विकणाऱ्या काकूंनी दुकानात एक कागद चिकटवला आहे: ‘हे मलम चिठ्ठीशिवाय मागू नये. मीही देणार नाही.’ गिऱ्हाईकं कुरकुरतात, पलीकडच्या चौकात जातात. काकू जाऊ देतात.

नागरिकहो, दोन गोष्टी सांगून थांबते. तुमच्या फ्रिजच्या दारात, टेबलाच्या खणात पिळून पिळून चपटी झालेली अशी एखादी ट्यूब असेल, तर शेजाऱ्याला, भावजयीला, कुणालाही ती ‘लावून बघ’ म्हणू नका. लहान मुलाच्या तोंडाभोवती पुरळ आलं तर त्याचं कारण डॉक्टरला शोधू द्या. आणि चालू असलेलं मलमही आपल्या मनाने बंद न करता, कसं थांबवायचं ते त्यांनाच विचारा. ही एक गोष्ट झाली, आणि ती सोपी आहे.

दुसरी अवघड आहे. मुलाच्या अंगावर काही उठलं की आपण सगळे आईला जाब विचारतो. जाब विचारला की माणूस लपवायला लागतो, आणि लपवलेलं दुखणं सगळ्यांत एकटं असतं. आईच्या मायेची गाणी आपण पुष्कळ गातो. तिच्या हातातलं मूल अर्धा तास घेत नाही! दुखणं पोरीच्या तोंडाला होतं, पण चिघळलं ते घरातल्या एकटेपणाने. त्यावर मलम निघालेलं नाही, निघणारही नाही. माणूसच लागतं.

म्हणून एवढं करा. तुमच्या ओळखीत एखादी असेल, नवीन आई, जिचे फोटो रोज येतात आणि जी स्वतः फोटोत कधीच नसते. फोन करू नका, फोनवर ती छान आहे म्हणेल. जिना चढून जा. बेल वाजवा. दार उघडायला तिला वेळ लागेल. हात ओले असतील, कडेवर मूल असेल, आणि कोण आलंय याची तिला भीतीही वाटेल. परत फिरू नका. तेवढं थांबा.